गावाला विचारून केलेलं काम आणि न विचारता केलेलं काम

पाऊलवाट

मागच्या आठवड्यात इथे एकांनी विचारलं होतं, "नोकरीतून सहा महिने सुट्टी मिळते आहे, खेड्यात जाऊन काम करायचं आहे, सुरुवात कुठून करू?" तिथे उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की वेगळा धागाच काढते आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातल्या एका गावात 2018 पासून जाते. पुण्याहून फलटणमार्गे दहिवडी, तिथून पुढे मिळेल त्या गाडीने. गावाचं नाव लिहीत नाही, कारण गावातल्या लोकांना ते विचारलेलं नाही.

पहिल्यांदा गेले ती 1 मे 2018 ला, जलमित्र म्हणून, म्हणजे श्रमदानाला आलेली शहरातली स्वयंसेवक. पाणी फाउंडेशनची वॉटर कप, म्हणजे गावागावांतली पाणी अडवायच्या कामांची स्पर्धा, 2016 ला वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव अशा 3 तालुक्यांत सुरू झाली होती, 2018 पर्यंत ती 75 तालुक्यांत पोचली. 8 एप्रिल ते 22 मे, भर उन्हाळ्याचे 45 दिवस, आणि मध्ये महाराष्ट्र दिनाला शहरातल्या लोकांनी येऊन श्रमदान करायचं. त्या वर्षी माणमधल्याच टाकेवाडीला पहिला नंबर मिळाला. आमच्या गावाला काही मिळालं नाही, पण चर मात्र खणले गेले.

आम्ही नऊ जण होतो. डोंगराच्या उतारावर गावाने फक्कीने रेघा आखून ठेवल्या होत्या, त्या रेघेवर समतल सलग चर खणायचा. रेघ एका ठिकाणी कठीण मुरमातून जात होती. आम्ही आपापसात ठरवलं की जरा खालून घेऊ, माती मऊ आहे. दोन तासांत पंधरा-सोळा फूट चर झाला. आम्हाला फार समाधान वाटलं. मग एक आक्का आल्या, हातात लाकडाची ए-फ्रेम. दोन पाय, मध्ये आडवी पट्टी, वरून सोडलेली दोरी आणि दोरीला बांधलेला दगड. त्यांनी ती आमच्या चरात ठेवली, तर दोरी मधल्या खुणेपासून चार बोटं सरकलेली.

"पोरी, ह्यातलं समदं पानी त्या टोकाला पळंल. तितनं बांध फुटंल आन खालचा चर बी घिऊन जाईल."

चर समतल असेल तरच पाणी जागच्या जागी थांबतं आणि मुरतं. तिरका चर म्हणजे माती वाहून न्यायला केलेली वाट. आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. गावातून पाच जण चार दिवसांच्या प्रशिक्षणाला गेले होते, त्यांतल्या त्या एक. आमचा चर बुजवून त्यांच्या गटाने दुपारी वरच्या रेघेवर पुन्हा खणला. आमच्या उत्साहामुळे त्या बायकांचं अर्ध्या दिवसाचं काम वाढलं, ही गोष्ट मला आजही टोचते.

एवढ्यावर मी शिकले असं नाही. 2019 ला आमच्या पुण्याच्या गटाने वर्गणी काढून शाळेला पुस्तकांचं कपाट दिलं. चांगली पुस्तकं होती, आम्ही मनापासून निवडली होती. ते दुष्काळाचं वर्ष. गावाला टँकर आणि जनावरं चारा छावणीत. महिन्याभराने गेलो तर कपाटाची किल्ली जिथे ठेवली होती तिथेच. एक आजोबा म्हणाले, "पुस्तकं चांगलीच हायती ओ. पर पोरं छावनीत हायती, जनावरांपाशी." त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा नीट बसून विचारलं, की आमच्याकडून तुम्हाला काय हवं आहे.

उत्तर आलं ते मी कल्पनाही केली नव्हती असं होतं. त्यांना आमच्याकडून खोदाई नको होती, ती ते आमच्यापेक्षा चांगली करतात. त्यांना कुणीतरी तहसीलला जाऊन बसायला हवं होतं. पीक विम्याचा अर्ज का परत आला, बँकेच्या पत्रात काय लिहिलं आहे, सातबाऱ्यावरची चूक दुरुस्त व्हायला नक्की कुठला कागद लागतो, हे विचारायला गेलं की दिवसाची मजुरी बुडते. तेही एकदा नव्हे, चार चार वेळा. आमच्याकडे ज्ञान त्यांच्यापेक्षा जास्त होतं असं मला वाटत नाही. आमच्याकडे मोकळा दिवस होता आणि एसटीचे पैसे होते.

दुसरं काम विहिरींचं. गावाने बारा विहिरी निवडल्या आणि दर पंधरा दिवसांनी दोरी सोडून पातळी मोजायची ठरवलं. मोजतात गावातली पोरं. मी फक्त आकडे मांडून देते आणि पावसाचा हिशोब जोडते. 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. 1000 हेक्टरच्या शिवारात 400 मिलिमीटर पडला तर 4000 टीसीएम, म्हणजे 4000 हजार घनमीटर पाणी. त्यातलं वाहून किती गेलं, उडून किती गेलं, उरलं त्यात कांदा बसतो की ज्वारीच करायची, ही चर्चा पारावर होते. तिथे मी बोलत नाही. एका वर्षी त्यांनी माझ्या मते चुकीचा निर्णय घेतला, जास्त कांदा लावला. मी आकडे पुन्हा एकदा वाचून दाखवले आणि गप्प बसले. मार्चमध्ये चार विहिरी आटल्या. पुढच्या वर्षीचा पाण्याचा ताळेबंद गावाने स्वतःहून जानेवारीतच मागितला.

आणखी एक. आम्हाला वाटत होतं की बाहेरचे स्वयंसेवक म्हणजे आम्हीच. खरं तर या गावाचे सगळ्यात जुने स्वयंसेवक मुंबईत माथाडी काम करणारे आणि देशभर गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, दुकानांत बसणारे त्यांचेच लोक आहेत. डिझेलचे पैसे तेच पाठवतात, यात्रेला आले की दोन दिवस टिकाव तेच मारतात. कुणाशी काय बोलायचं, कुणाचं कुणाशी पटत नाही हे त्यांना ठाऊक असतं. आपण जाणार असू तर आधी त्यांना भेटावं असं मला आता वाटतं.

तुमचे अनुभव लिहा. विशेषतः गावात राहणाऱ्यांनी.

चांदणवेल

फार छान लिहिलं आहेस. कपाटाचं वाचून गलबललं. आमच्या सोसायटीनेही असंच एकदा कपडे नेले होते.

रानवारा

ताई, लेख प्रामाणिक आहे म्हणून मोकळेपणाने लिहितो. तुम्ही "गाव" म्हणता ते गाव म्हणजे कोण?

मी अंबाजोगाई तालुक्यातला. 2016 ला पहिल्या वर्षी आमच्या गावाने भाग घेतला. माझी आई 45 दिवसांतला एकही दिवस चुकली नाही. पहाटे पाचला डोक्यावर पाटी आणि परत आल्यावर दुसऱ्याच्या रानात रोजंदारी. आमच्याकडे गुंठाभर जमीन नाही. पाणी वाढलं ते ज्यांच्या विहिरी होत्या त्यांच्या विहिरीत वाढलं. खुरपणीचे दिवस वाढले हे खरं, आईला उन्हाळ्यातही काम मिळायला लागलं, ते मी नाकारत नाही. हातपंपाला पाणी राहिलं, तेही मोठं आहे. पण ते तिच्या हक्काचं म्हणून मिळालं नाही, शेतकऱ्याला गरज होती म्हणून मिळालं.

आणि डोंगरावर चराईबंदी झाली. गवत यावं, झाडं जगावीत म्हणून. बरोबरच आहे. पण बंदी झाली तेव्हा शेळ्या कुणाच्या होत्या? आमच्या वस्तीच्या. आम्ही दोन विकल्या. तो ठराव झाला त्या सभेत आमच्यातले तिघे होते आणि तिघेही मागे उभे होते. "गावाने ठरवलं" असं त्या ठरावातही लिहिलं असणार.

तेव्हा गावाला विचारून काम करा हे पटतं. पण पारावर बसलेल्यांना विचारलं म्हणजे गावाला विचारलं असं होत नाही. वस्तीवर जाऊन विचारलंत का कधी?

नीराकाठ

रानवारा, तुमचा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. त्याला एकदा उत्तर शोधलं गेलं होतं, तेही बाहेरून आलेल्या माणसाकडून, म्हणून सांगतो. माझं वय 71, गाव पुरंदर तालुक्यात.

1972 च्या दुष्काळात विलासराव साळुंखे पुण्याहून आमच्या भागात आले. इंजिनीयर, स्वतःचा कारखाना असलेला माणूस. नायगावला देवस्थानची 40 एकर पडीक जमीन कराराने घेतली, तिथे ताली (मातीचे बांध) घातल्या, पाणी अडवलं, आणि काय होऊ शकतं ते आधी स्वतः करून दाखवलं. मग पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम मी तरुणपणी पाठ केले होते. पाणी जमिनीवर नाही, माणशी. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं, मग रान किती का असेना. जमीन विकली तर पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. आणि खर्चातले 20 टक्के लाभधारकांनी आधी घालायचे.

ऊसबंदीवरून फार भांडणं झाली. सगळीकडे हे टिकलं असं म्हणणार नाही. पण पाणी कुणाचं हा प्रश्न पाणी अडवायच्या आधी सोडवायचा असतो, हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो. पाणी आल्यावर कुणी वाटा सोडत नाही.

चराईबंदीबद्दल : हिवरे बाजारला बंदी केली तेव्हा विळ्याने कापून गवत न्यायची मुभा ठेवली होती. शेळीवाल्याला निदान तेवढा आधार राहतो.

पाऊलवाट

रानवारा, वस्तीवर मी जेवायला गेले आहे, विचारायला गेलेले नाही. इतक्या वर्षांत नाही. बारा विहिरी निवडल्या त्यात वस्तीचा आड नाही, हे तुमचं वाचल्यावर वही उघडून पाहिलं. पुढच्या रविवारी जाते आहे. येऊन लिहीन.

नीराकाठ काका, फार मोलाचं सांगितलंत.

गोंडवन

मी दोन वर्षं गडचिरोलीत होते, धानोरा तालुक्यात. तिथल्या मेंढा-लेखा या गावाला अनेकदा गेले. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा सगळ्यांनी ऐकलेली असते, पण ते गाव चालतं कसं हे कमी जणांना माहीत असतं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तिथे बाहेरच्या माणसासाठी जागा ठरलेली आहे. ती जागा म्हणजे अभ्यासगट. अभ्यासगटात गावातले असतात, बाहेरचेही असतात. वनहक्क कायदा काय म्हणतो, बांबूची मोजणी कशी करायची, दारूचं काय करायचं, जो विषय असेल त्यावर तिथे वाटेल तितकं बोलावं, वाद घालावा, कागद आणावेत. निर्णय मात्र ग्रामसभेचा. अभ्यासगट निर्णय घेत नाही आणि ग्रामसभेत बाहेरच्याला मत नाही. मोहन हिराबाई हिरालाल यांनी अनेक वर्षं या गावासोबत काम केलं ते या पद्धतीने. गावातले देवाजी तोफा आणि बाकी गावकरी ठरवणार, मोहनभाऊ शोधून आणणार, समजावणार.

दुसरं म्हणजे सर्वसहमती. बहुमत नाही. एकाला जरी पटलं नसेल तरी निर्णय पुढे ढकलतात आणि पुन्हा बसतात. बाहेरून आलेल्या माणसाला हे फार जड जातं. मला गेलं. मला वाटायचं, अहो अर्जाची मुदत संपेल! पण रानवारा म्हणतात तसे मागे उभे राहिलेले तिघे तिथे सभा अडवू शकतात. मागे उभं राहून चालतच नाही, कारण तुम्ही हो म्हटल्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

या हळू चालण्यातूनच 2009 ला त्यांना सुमारे 1800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतरही बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला 27 एप्रिल 2011 ला, तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. 1980 च्या दशकात इचमपल्ली आणि भोपालपट्टनमच्या धरणांविरुद्ध जे आंदोलन झालं, तिथून मोजलं तर पंचवीसेक वर्षं. सहा महिन्यांच्या सुट्टीत यातलं काय दिसणार? तरी जावं. सहा महिन्यांत अभ्यासगटासाठी एक विषय नीट तयार करता येतो.

डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या गडचिरोलीतल्या आरोग्यसंस्थेतही मला हेच दिसलं. दवाखाना कसा हवा हे आदिवासींना विचारलं तेव्हा मोठी इमारत नको, आमच्या घरांसारख्या झोपड्या हव्यात, नातेवाइकांना राहता यावं, असं त्यांनी सांगितलं. तसाच बांधला आणि नाव दिलं ते त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरी.

शिबिरवाटा

मी महाविद्यालयात एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, बघतो. सात दिवसांचं निवासी शिबिर दर वर्षी. आमच्या कागदोपत्री शब्द आहे "दत्तक गाव". दोन वर्षांपूर्वी समारोपाला एक म्हातारे गृहस्थ उठून म्हणाले, "गुरुजी, दत्तक पोरकं घेत्यात. आमी पोरकं न्हाय." तेव्हापासून फलकावर आम्ही फक्त गावाचं नाव लिहितो. कामाची यादीही महिनाभर आधी ग्रामपंचायतीकडून मागवतो. मागच्या वेळी त्यांनी एकच काम दिलं, स्मशानभूमीकडे जाणारा रस्ता. मुलं नाराज होती. पण पावसाळ्यात तिरडी चिखलातून न्यावी लागते हे गावच्या पोरांनी सांगितल्यावर सात दिवस दुसरं काही केलं नाही.

दप्तर

मी ग्रामसेवक आहे, जिल्हा सांगत नाही. थोडं नियमांचं, कारण स्वयंसेवकांना बहुधा हेच ठाऊक नसतं.

ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांत कमी असेल ती. ती झाली नाही की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. त्यामुळे बऱ्याच गावांत पहिली सभा तहकूब करायचीच असते, पुढच्या सभेत पंधरा-वीस माणसांत ठराव होतो. रानवारा यांच्या गावात काय झालं मला माहीत नाही, पण मागे उभे तिघे हे चित्र मी खूप पाहिलं आहे. तुम्हाला खरोखर उपयोगी पडायचं असेल तर पहिली सभा भरेल असं बघा. आदल्या संध्याकाळी वस्त्यांवर जाऊन वेळ आणि विषय सांगणं, एवढंच काम. दवंडी तिथपर्यंत पोचत नाही.

नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी लागते, कायद्यात आहे. तिथे बायका जे बोलतात ते पुढच्या सभेत वाचलं गेलं पाहिजे. इतिवृत्तात आलं नाही तर ते बोललंच गेलं नाही असं धरा. ठरावाची नक्कल मागता येते, मागा.

आणि गावाचा विकास आराखडा आधी वाचा. "आमचं गाव, आमचा विकास" खाली दर वर्षी होतो. वित्त आयोगाच्या पैशातला बंधित भाग पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करता येतो. स्वयंसेवक येतात आणि म्हणतात त्या पैशातून वाचनालय करा. होत नाही हो, आम्ही मुद्दाम अडवत नसतो.

दूरदेशी

ह्यूस्टनहून लिहितो. माझं मूळ गाव खटावमध्ये. जुलैत तीन आठवडे येतो आहे, मुलगा 16 वर्षांचा, मुलगी 13. दोघांना गावात काम करायला लावावं असं मनात होतं. पैसे पाठवायचीही तयारी आहे. हे सगळं वाचून जरा बिचकलो आहे. यावं का?

गोंडवन

नक्की या. बिचकू नका. पैशांबद्दल एक : तुमचा पासपोर्ट भारतीय असेल तर स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड असलं तरीही, तर ज्या संस्थेला द्याल तिच्याकडे एफसीआरएची, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी हवी. उगाच गावातल्या छोट्या मंडळाला अडचणीत टाकू नका.

नीराकाठ

तुमचं स्वतःचं गाव आहे, तुम्ही पाहुणे कसले? आधी भावकीत चार दिवस नुसते राहा. मुलांना म्हशीपाशी उभं राहू द्या. काम आपोआप अंगावर येतं.

पाऊलवाट

जाऊन आले. दोनदा गेले म्हणून उशीर.

वस्तीवर आक्कांना घेऊनच गेले. नऊ बायका होत्या. पहिला तासभर कुणी काही बोललं नाही, मग एकीने शेळ्यांचा विषय काढला आणि सगळ्या एकदम बोलू लागल्या. रानवारा, तुम्ही लिहिलं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत. डोंगरावर चर झाले, गवत गुडघ्याएवढं येतं, ते शेवटी वाळून जातं आणि शेळ्यांना बंदी. त्यांची मागणी अगदी साधी आहे. दिवाळीनंतर विळ्याने कापून न्यायची परवानगी, घरटी दिवस ठरवून. शिवाय वस्तीचा आड मोजणीत घ्या, कारण मार्चमध्ये सगळ्यात आधी तो आटतो आणि कुणाच्या वहीत त्याची नोंद नसते.

आक्का हे ऐकत होत्या. परत येताना म्हणाल्या, "चर आमीच खनलं, ह्या बायाबी हुत्या माज्यासंगं. गवताचं माज्या ध्यानातच आलं न्हाय." आड आता तेरावा झाला आहे. दोरी वस्तीतलीच एक सातवीतली मुलगी सोडणार आहे, पहिली पातळी तिनेच लिहिली.

गवताचा विषय महिला सभेत मांडायचं त्यांनी ठरवलं आहे. कोण बोलणार हेही त्यांनीच ठरवलं. दप्तर भाऊ, चराईबंदीच्या जुन्या ठरावाची नक्कल मागितली आहे. मी बोलणार नाही, आदल्या दिवशी संध्याकाळी वस्त्यांवर फिरून वेळ सांगणार आहे. तीन वस्त्या आहेत, लांब लांब, एकटीने होणार नाही.

दूरदेशी, सभा जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात धरायचं चाललं आहे. तुमच्या गावाहून आमचं गाव फार लांब नाही. आधी तुमच्या भावकीत राहून या, आणि मुलांना घेऊन त्या संध्याकाळी आलात तर एक वस्ती तुमच्याकडे देते. सहा महिन्यांची सुट्टी मिळालेल्या ताईंनीही यावं. चालायचे बूट आणि बॅटरी आणा. डबा आणू नका, भाकरी वस्तीवर आहे असं आक्कांनी सांगितलं आहे.